पडद्याची मोटार आणि दुधनेचा चढ

लढाईची वर्षं होती. आमचा मोटारड्रायव्हर फौजेत भरती होऊन गेला होता. मोटार चालवता येणाऱ्या माणसाला तेव्हा फौजेत लगेच घेत. जायच्या आधी त्याने मला गाडी शिकवली, तीही माझ्याच हट्टामुळे. आमचे हे वकील. कामासाठी महिन्यातले निम्मे दिवस हैदराबादेत असत, आणि गाडीला हात लावला की त्यांना घाम फुटे. गाडी शेडमध्ये सडवण्यापेक्षा कुणीतरी ती चालती ठेवावी, एवढाच माझा विचार होता. जालन्यातल्या कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मोकळ्या मैदानात मी शिकले. सरळ, उलटी, वळण, हँडल मारणं, सगळं. परवाना मात्र काढला नव्हता. बाईने परवाना मागितला असता तर कचेरीतल्या लोकांना आठवडाभर हसायला विषय मिळाला असता.

गाडी सासऱ्यांच्या हौसेची. औरंगाबादच्या एका इंजिनियरकडून त्यांनी ती जुनीच घेतली होती. माझ्या हाती आली तेव्हा तिची चांगली वीस वर्षं झाली असतील. कापडी टप, रबरी भोंगा, पितळी दिवे, आणि पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीच्या खाली. ही टाकी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्यातलं पेट्रोल आपल्या वजनाने वाहत इंजिनात जायचं, त्याला ढकलणारं काही यंत्र नव्हतं. त्यामुळे टाकी भरलेली नसली आणि चढ खडा असला तर गाडीचं नाक वर जायचं, पेट्रोल मागे राहायचं आणि इंजिन बंद पडायचं. म्हणूनच राजूरच्या गणपतीच्या टेकडीवर ड्रायव्हर गाडी फिरवून उलटी चढवायचा. दर्शनाला निघालेल्या बायका टपाखाली पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्या थंडीत एका संध्याकाळी वन्संच्या नावाचा हुकूम आला. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. त्यांच्या नवऱ्याने दुसरं घर केलं तेव्हापासून त्या आमच्याकडे होत्या. आमच्याच घरात बसून त्या शिकल्या होत्या, परीक्षा दिल्या होत्या, आणि औरंगाबादच्या मुलींच्या शाळेत त्यांनी अर्ज केला होता. हुकुमात लिहिलं होतं की उद्या दुपारच्या घंटेच्या आत हाजिर व्हावं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाईल. कागद वाटेत कुठे अडकला होता देव जाणे. गावाकडच्या थोरल्या दिरांनी आधीच बजावून ठेवलं होतं की यंदा नोकरी लागली नाही तर तिने शेतावर येऊन राहावं, चूल सांभाळावी. त्या गेल्या असत्या तर परत आल्या नसत्या, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

सकाळी टांग्याने नवीन जालन्याच्या स्टेशनवर गेलो. सोबत सासूबाई होत्या, कारण तरण्या मुलीला एकटीने शहरात पोचवणं त्यांना पटत नव्हतं. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. स्टेशनमास्तर म्हणाला, "फौजी गाड्या निकालून राह्यले बाई. तुमच्या गाडीचं आज बिलकुल सांगता येत न्हाई. संध्याकाळ पन व्हईल."

वन्सं ट्रंकेवर बसल्या आणि रुळांकडे बघत राहिल्या. दोघींना पुन्हा टांग्यात बसवून मी टांगेवाल्याला म्हटलं, "परत घराकडं घे."

"घराकडं कायला?" आत्याबाई म्हणाल्या.

"मोटार काढते."

"आन् हाकनार कोन?"

"मी."

आत्याबाईंनी टांग्यातच कपाळाला हात लावला. वकिलाची बायको भर रस्त्यावर मोटार हाकते, हे त्यांना कुणी पाहिलेलं चालणार नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी एकच अट घातली: पडदे लावायचे. चतुर्थीला राजूरला जाताना लावायचे ते लाल खादीचे पडदे पेटीतून निघाले. मागे, दोन्ही बाजूंना, इतकंच काय पुढे माझ्या बाजूलाही. समोरच्या काचेवर वरून झालर सोडली. बाहेरून बघणाऱ्याला आत माणूस आहे की मांजर ते कळू नये, असा बंदोबस्त. मी नाही म्हटलं नाही. परवाना नव्हता, त्यामुळे पडदा माझ्याही सोयीचा होता.

हँडल मारलं. तिसऱ्या खेपेला गाडी बोलली. आम्ही निघालो.

हा रस्ता फार जुना. देवगिरीकडून दक्षिणेत उतरलेल्या फौजा, उंटांचे तांडे, मिठाचे नि कापडाचे व्यापारी याच वाटेने गेले, असं सासरे सांगायचे. दोन्ही बाजूंना चिंचा आणि लिंब, मधूनच एखादी पडकी सराय, तिच्या शेजारी पायऱ्यांची विहीर. मुरमाचा रस्ता बैलगाड्यांनी असा कोरलेला होता की चाक एकदा चाकोरीत बसलं की बाहेर काढायला दोन्ही हात लागत. मला हे सगळं बघायला वेळ नव्हता. झालरीखालून जेवढं दिसत होतं तेवढ्यावर मी नजर ठेवून होते.

पडद्यांचा परिणाम मात्र ताबडतोब दिसला. समोरून येणाऱ्या गाड्या लांबूनच खाली उतरू लागल्या. गाडीवान जू धरून पाठ फिरवून उभे राहत. पडद्याची मोटार आणि पुढे बसलेला पुरुष दिसत नाही, म्हणजे एखाद्या मोठ्या जहागिरदाराच्या घरच्या बायका, असं लोक धरून चालले होते. आमच्या मुलखात अशा गाडीकडे पुरुष मान वर करून बघत नसे. बदनापूरच्या नाक्यावर तर शिपायाने न विचारता साखळी सोडली आणि जमिनीकडे बघत सलाम ठोकला.

"बग," आत्याबाई मागून म्हणाल्या, "मी सांगत न्हवते का? पडदा असला की सगळं बराबर व्हतं."

बदनापूर मागे पडलं. पुढे दुधना नदीचा उतार आला. पात्रात दगडी फरशी होती आणि तिच्यावरून पाऊलभर पाणी वाहत होतं. पलीकडचा चढ राजूरएवढा खडा नव्हता, म्हणून मी गाडी सरळ घातली. पण लढाईमुळे पेट्रोल कुपनावर मिळत होतं आणि टाकीत जेमतेम औरंगाबादपुरतंच होतं. अर्ध्या चढावर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. ब्रेक पुरले नाहीत. गाडी हळूहळू मागे सरकत पात्रात आली आणि मागची दोन चाकं फरशीवरून खाली वाळूत उतरली.

मी खाली उतरून बघितलं. चाकं निम्मी रुतली होती. आमच्या तिघींच्या ताकदीने ती निघणार नव्हती. पण घाबरण्यासारखंही काही नव्हतं, कारण काठावर कापसाच्या चार गाड्या सोडलेल्या होत्या आणि बैलांना पाणी पाजत सात-आठ धडधाकट पुरुष उभे होते.

ते सगळे पाठमोरे होते. मला उतरताना बघून तर दोघं झाडामागे गेले.

"अहो, जरा हात लावता का?" मी हाक मारली.

त्यांच्यातला एक म्हातारा गाडीवान, मुंडासं सावरत, पाठ न वळवता ओरडला, "सरकार, आमी बघून न्हाई राह्यलो. तुमी बिनघोर आत बसा. तुमचा डायव्हर येईस्तोर आमी इकडं कोनाला फिरकू देत न्हाई."

"ड्रायव्हर नाही आमचा."

"येईल, येईल. तवर आमी हाओत."

आणि खरोखरच त्यांनी पहारा सुरू केला. वरून दोन वाटसरू उतरत होते, त्यांना या लोकांनी हात करून परत वर पाठवलं. आम्हाला मदत करू शकली असती अशी आणखी दोन माणसं गेली. ऊन चढत होतं. औरंगाबाद अजून बरंच लांब होतं.

मी पडदा बाजूला करून आत्याबाईंना सांगितलं, "पडदे काढल्याशिवाय ही माणसं जवळ येणार नाहीत."

"मंग न येऊ देत. वकिलाची आई नदीत अडकून बसली, हे जालनाभर व्हईल."

"आई," वन्सं म्हणाल्या, "माजी जागा जाईल."

"गेली तर गेली. दुसरी निघंल. भाऊ काय उपाशी ठिवतो का तुला?"

 वन्संनी पडद्याची गाठ सोडायला घेतली. आत्याबाईंनी दुसरं टोक धरून ठेवलं. "दुसरी न्हाई निघायची," वन्सं म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "दादाच्या चुलीपुढं मी न्हाई बसणार. तुला पडदा पाहिजे तर घे, मला नको." त्यांनी आपल्या बाजूची गाठ सोडली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पाण्यातून चालत म्हाताऱ्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"मामा, इकडं फिरा. आमाला कुनी डायव्हर न्हाई. वहिनीच हाकतात."

म्हातारा फिरला नाही. "बाई, गरिबाला तुरुंगात घालता का? उद्या तुमचे मालक ईचारतील, कोनी पाह्यलं म्हून. घरातलं मोठं मानूस बोलू द्या, मंग बघू."

हे बरोबर होतं. पोरीबाळींच्या शब्दावर तो कसा भरवसा ठेवणार? शब्द मोठ्या बाईचाच पाहिजे होता. मी गाडीपाशी उभी होते.  आत्याबाई मुलीकडे बघत होत्या, आणि मुलगी पाण्यात उभी राहून त्यांच्याकडे. बैल पाणी पिऊन मान झटकत होते, घुंगरं वाजत होती. 

मग आत्याबाईंनी पडदा सारला आणि डोकं बाहेर काढलं.

"ए बाबा," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमी काई जहागिरदार न्हाई. शेतकरी मानसं हाओत, राजूरकडची. माजा पोरगा वकील झाला म्हून मोटार आली. फिर इकडं आन् हात लाव. माज्या पोरीला नोकरीवर हाजिर व्हायचंय."

म्हातारा फिरला. त्याने आधी आत्याबाईंकडे बघितलं, मग लाल पडद्यांकडे, मग माझ्याकडे.

"राजूरकडच्या?" तो म्हणाला. "मंग पडदे कायला लावले, माय?"

"अब्रू झाकाया."

"अब्रू झाकली, गाडी रुतली," तो म्हणाला आणि बाकीच्यांकडे वळला. "चला रे. आपलीच मानसं हाईत. उगं मान आखडून घेतली इतका येळ."

बाकीचे हसत पाण्यात उतरले. चाकाखाली तुराट्या घातल्या, दोघांनी मागची बाजू उचलली आणि गाडी फरशीवर आली. मी त्यांना म्हटलं, "आता हिचं तोंड जालन्याकडं करून द्या."

"परत निघाल्या?" एकाने विचारलं.

"नाही. उलटी चढवणार."

हे ऐकून ते पुन्हा हसले, पण गाडी वळवून दिली. पाठीमागचं दिसावं म्हणून मी मागचा पडदा काढला, मग झालर, मग राहिलेलेही काढले. घडी करायला वेळ नव्हता, ट्रंकेवर टाकले. उलट्या गाडीत बसायला आत्याबाई तयार नव्हत्या. त्या वहाणा हातात घेऊन म्हाताऱ्याच्या बरोबरीने चढ चालू लागल्या. वन्सं दगड घेऊन चाकाशेजारून चालल्या, गाडी थांबली तर लावायला. मी मान मागे वळवली, एक हात बैठकीवर टेकवला आणि क्लच सोडला.

इंजिन बंद पडलं नाही. पेट्रोल पुढे येत राहिलं. चाकांनी मुरूम उडवला, एकदा गाडी डावीकडे सरकली, वन्सं बाजूला झाल्या, मी चाक सरळ केलं. असं करत माथा गाठला. वर गाडी फिरवली, दोघींना बसवलं आणि म्हाताऱ्याला रामराम केला.

"वकिलीनबाई," तो म्हणाला, "येताना बी उलट्याच या."

पुढच्या रस्त्यावर आम्हाला कुणी मान दिला नाही. गाडीवान चाकोरी सोडेनात. भोंगा वाजवून माझा अंगठा दुखून आला. करमाडच्या बाजारातले लोक दुकानातून उठून बघायला आले, आणि कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "बाई हाकून राह्यली रे." आत्याबाई ताठ बसून समोर बघत होत्या. "रस्त्याकडं बग," एवढंच त्या मला म्हणाल्या, आणि ते मी करतच होते.

शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा घंटा व्हायची होती. तिथे शिक्षिकेला उस्तानी म्हणत; बड्या उस्तानी, म्हणजे मुख्याध्यापिका, व्हरांड्यातच उभ्या होत्या. त्यांनी वन्संचा हुकूम वाचला आणि लुगड्याच्या ओल्या, चिखलाने भरलेल्या काठाकडे बघितलं.

"जालन्याहून? आज तर रेल नाही म्हणे."

"मोटारीनं आलो," वन्सं म्हणाल्या.

"बरं. चौथीला उस्तानी नाही, सकाळपासून मुली गोंधळ घालताहेत. आज आराम करा, उद्यापासून घ्या."

"आत्ता घेते."

उस्तानींनी खडू पुढे केला. वन्संनी तो घेतला आणि त्यांच्यामागून आत गेल्या. आमच्याकडे वळून बघितलं नाही. ते मला आवडलं. थोड्या वेळाने आतला गलका थांबला आणि पाढे ऐकू येऊ लागले.

आत्याबाई फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत ट्रंकेवर बसून होत्या. भाकरीचं गाठोडं तसंच बांधलेलं होतं. "मंग," त्या म्हणाल्या, "ती ऱ्हानार कुटं?"

"खोली बघू," मी म्हटलं. "विहीर जवळ पाहिजे, आणि घरमालकीण बोलकी नको."

"न्हाई. बोलकी पाहिजे," आत्याबाई म्हणाल्या. "एकटी राह्यची हाय ती."

दोघी मिळून आम्ही गल्लीतलं पहिलं दार वाजवलं.