खिडकीबाहेरची तिपाई

नाना गेल्याची बातमी आली तेव्हा आम्ही धुळ्याच्या नगरपालिकेत पाणी कमिटीच्या सभेला बसलो होतो. पट्टेवाला दारात येऊन म्हणाला, "नाना गेले." कोण नाना, असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या... व्हरांड्यात तिपाई होती, तिच्यावर माणूस नव्हता.

नाना मूळचे सोनगीरचे. चार पानी साप्ताहिक काढत. लिहिणं, छपाईचे खिळे जुळवणं, वाटणं, सगळं स्वतःच. मोठ्या सभेत पत्रकारांना बसू देत, पण खरे निर्णय व्हायचे कमिटीच्या खोलीत, आणि तिथे बाहेरच्याला मज्जाव. म्हणून हा गृहस्थ घरून तिपाई आणून खिडकीखाली बसायचा. वीस वर्षं! आम्हा सभासदांनाही सवय जडली. ज्याला आपलं बोलणं छापून यावंसं वाटे, तो खिडकीकडे तोंड करून ठणकावून बोले. लपवायचं असलं की कुजबुज. मग बाहेरून हाक यायची, "भाऊ, जरा मोठ्यानं! पानी बठ्ठास्नं शे, मंग बोलनं चोरीनं कसाले?" पाणी सगळ्यांचं, मग बोलणं चोरून कशाला, हे त्यांचं अहिराणीतलं पालुपद.

एका वैशाखात पांझरा नदीपलीकडच्या वस्तीचा नळ रद्द करायचं घाटत होतं. अध्यक्षांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी उठून खिडकी लावली. हो, मीच. नानांचा मित्र म्हणवणारा. बाहेर स्वराज्याच्या सभा गाजवणारे आम्ही, आत खिडकी लावून बसलो! वस्तीला पत्ता लागेतो ठराव पक्का झाला होता. तिथल्या बायका उन्हाळाभर नदीच्या वाळूत पाण्यासाठी झिरे खणत राहिल्या. नानांच्या अंकात एवढंच आलं: "सभा झाली. खिडकी बंद होती. सभासद घामाघूम होऊन बाहेर आले." खिडकी कुणी लावली ते त्यांनी पाहिलं होतं, पण छापलं नाही. अंक निघाला त्याच संध्याकाळी माझ्याकडे चहाला आले. मला वाटलं, आता खरडपट्टी काढणार. कसलं काय! म्हणाले, "भाऊ, माले आत एक खुर्ची दे. आते बाहेरथून ऐकू येस नही."

ठराव मांडतो म्हणालो. मग अध्यक्षांची मर्जी, मग निवडणूक, मग पुढच्या महिन्यात... नानांनी पुन्हा कधी विचारलं नाही. छातीत कफ धरला होता, तरी थंडीत त्या व्हरांड्यातच बसायचे. मी आतून पाहायचो. फार लाज वाटते आता.

त्यांचे दिवस झाल्यावर पहिल्याच सभेत मी ठराव मांडला. एकानेही विरोध केला नाही. करतील कशाला? ऐकणाराच उरला नव्हता. आता खोलीत एक खुर्ची असते. पट्टेवाला सभेआधी ती पुसून ठेवतो. नानांचं साप्ताहिक बंद पडलं, दुसरं कुणी येत नाही. परवा मी बोलत असताना अध्यक्ष वैतागले, "अहो, इतकं ओरडता कशाला? इथे कुणी बहिरं नाही." मी वळून पाहिलं. खुर्ची माझ्या पाठीमागे होती, आणि मी खिडकीकडे तोंड करून बोलत होतो.