जहाज फुटल्याचं कीर्तन

इंग्लंडमधल्या लेस्टरला आल्यापासून फ्लोरा चेऊलकरांना भेटेल त्याला एकच गोष्ट समजावून सांगावी लागली : आपण नक्की कोण. बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानात त्या मराठी बोलायच्या, म्हणून लोक त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा द्यायचे. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला साडी नेसून गेल्या, की दारातला माणूस नम्रपणे विचारायचा, "आपण कोणाला शोधताय?" त्या बेने इस्राएल होत्या. रेवदंड्याकडच्या, घरात मराठी बोलणाऱ्या आणि शनिवारी चूल न पेटवणाऱ्या यहुद्यांपैकी. नवरा रूबेन होजिअरीच्या कारखान्यात होता. त्या स्वतः पुढे लायब्ररीत लागल्या आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिल्या.

त्यांना नीट प्रश्न विचारणारा पहिला माणूस लिऑन रोझनर. हा फिजिक्सचा शिक्षक, आईवडील नाझींपासून जीव वाचवून व्हिएन्नाहून आलेले. सिनेगॉगच्या वरच्या खोलीत तो रविवारी बैठक भरवायचा. देव मानला नाही तर माणूस ज्यू उरतो का, युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेतलं नाटक कशाने संपलं, एवढा संहार झाल्यावर कविता कशी लिहायची, असल्या विषयांवर चहा गार होईपर्यंत भांडणं चालायची. फ्लोराबाई आधी भिंतीशी बसून ऐकायच्या. मग त्याही भांडायला लागल्या. आयुष्यातला तो त्यांचा सगळ्यात सुखाचा काळ.

"तुमच्या गावाकडे कशावर वाद घालतात?" लिऑनने एकदा विचारलं.

"वाद नाही घालत. कीर्तन करतात," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, की त्यांचे मामा पेटी आणि झांजांच्या साथीवर, मराठीतून, धर्मग्रंथातल्या कथा लावायचे. आधी पूर्वरंगात विचार मांडायचा, मग उत्तररंगात गोष्ट. लिऑन थक्क झाला. "हे आम्हाला करून दाखव," म्हणाला. त्या हसल्या आणि विषय तिथेच राहिला.

तो इतका राहिला, की बैठकीतली माणसंच संपत आली. काही वारली, काही मुलांकडे लंडनला गेली. रूबेनही गेला. शेवटी खोलीत लिऑन, फ्लोराबाई आणि कानाचं यंत्र बंद करून बसणारे एक वकील एवढेच उरले. तेव्हा लिऑन म्हणाला, "फ्लोरा, आता नाही लिहिलंस तर कधी लिहिणार?"

त्यांनी हिवाळाभर लिहिलं. कथा त्यांच्या समाजाच्या मूळपुरुषांची. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, मोजकी माणसं वाचली, पोथ्या बुडाल्या, आणि प्रार्थनेतला 'ऐक' हा पहिला शब्द तेवढा लक्षात राहिला. ही कथा लोक अभिमानाने सांगतात. फ्लोराबाईंनी विचारलं ते वेगळंच : जे विसरलं गेलं त्याचं सुतक कोणी पाळलं का? कीर्तनात गायची त्यांची साकी अशी होती :

पोथ्या गेल्या, भाषा गेली, गेली सारी नावे
उरले इतुके, 'ऐक' म्हणाले, कोणी ते ऐकावे

त्यांनी अर्थ सांगितला तेव्हा लिऑनने तो वहीत लिहून घेतला. मग म्हणाला, "तुम्ही सगळं विसरलात आणि टिकलात. आम्ही सगळं लक्षात ठेवलं, आणि ऐकायला कोणी नाही."

पेटीला त्यांना सुश्रुत मिळाला. नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, वर्क व्हिसावर आलेला. तालमीला तो शनिवारी यायचा नाही, कारण "काकू, तुमचा शनिवार असतो ना," हे त्याने पहिल्याच भेटीत लक्षात ठेवलं होतं. बेलग्रेव्ह रोडजवळचा एक हॉल ठरला. मराठी मंडळी आणि सिनेगॉगमधली मंडळी प्रथमच एका सतरंजीवर बसणार होती.

त्याच सुमाराला गाझातलं युद्ध पेटलं होतं. फ्लोराबाई रोज बातम्या बघायच्या. इकडची प्रेतं बघून रडायच्या आणि तिकडची बघूनही. हॉलवाल्याचा फोन आला. आवाज मऊ होता त्याचा. "सिक्युरिटीचा प्रश्न आहे, मॅडम. सध्या पुढे ढकलू या."

"अहो, मी नवगावची गोष्ट सांगणार आहे. अलिबागजवळ आहे ते."

"मला माहीत आहे, मॅडम. पण पोस्टरवर ज्यूइश लिहिलंय."

मराठी मंडळातल्या सुचेताचाही फोन आला. "काकू, या वर्षी नको. उगाच कोणी काही बोललं तर तुम्हालाच त्रास." सिनेगॉगच्या कमिटीनेही रविवारची वरची खोली बंद केली. दारावर पहाऱ्याला उभं राहायला माणसं मिळत नव्हती.

"माझ्या फ्लॅटवर करू," सुश्रुत म्हणाला. पण महिन्याभरात कंपनीने त्याची टीमच बंद केली. व्हिसा नोकरीला बांधलेला. भारतात परत जाताना तो पाया पडला आणि म्हणाला, "काकू, नागपूरला या. तिथे करू." दोघांनाही ठाऊक होतं, की हे नुसतं बोलणं आहे.

लिऑन तोवर केअर होममध्ये होता. एका दुपारी फ्लोराबाई झांजा पिशवीत घालून बसने गेल्या. त्याच्या पलंगाशी खुर्ची ओढून पूर्वरंग लावला. दोन ओळी मराठीत गायच्या, मग इंग्लिशमध्ये सांगायच्या. शेजारच्यांना त्रास नको म्हणून झांज अगदी हळू. लिऑन हसत होता, मान डोलावत होता. उत्तररंगात जहाज खडकावर आदळलं तिथे त्यांनी स्वर चढवला आणि त्याच्याकडे बघितलं.

"ट्रे न्यायला आलात का?" त्याने अदबीने विचारलं. "माझं झालंय. थँक यू."

फ्लोराबाईंनी झांजा मांडीवर ठेवल्या. मग उठून ट्रे बाहेर नेऊन ठेवला.

उन्हाळ्यात लिऑन गेला. त्याची मुलगी कॅनडाहून आली. घरभर जर्मन आणि यिडिश पुस्तकं होती. तिने युनिव्हर्सिटीला विचारलं, चॅरिटी शॉपला विचारलं. कोणालाच ती नको होती. फ्लोराबाई लायब्ररीत आयुष्य काढलेल्या; त्यांनीही फोन केले. शेवटी कौन्सिलच्या रिसायकलिंगला पुस्तकं गेली तेव्हा त्या फुटपाथवर उभ्या होत्या. त्यांना त्यातली एक ओळही कळत नव्हती.

थंडी सुरू व्हायच्या आत फ्लोराबाईंची मुलगी देविका त्यांना लंडनजवळ स्लाऊला, आपल्या घरी, घेऊन गेली. एका शुक्रवारी, दिवे लावून झाल्यावर, देविका फोन समोर धरून बसली. "मम्मी, तुझा कीर्तन मला शिकव ना. मी रेकॉर्ड करते."

फ्लोराबाईंनी आधी तो फोन बाजूला ठेवायला लावला. दिवे लागले म्हणजे शब्बाथ, शनिवारचा पाळायचा दिवस, लागला होता. मग पहिली ओळ सांगितली. देविकाने म्हटली. दुसरी सांगितली. ती मध्येच अडली. "'इतुके' म्हणजे काय?"

"एवढंच."

"एवढंच म्हणजे, लाइक, फिनिश?"

फ्लोराबाईंनी ब्रेडचं ताट तिच्याकडे सरकवलं. पन्नाशीची झाली होती पोर, मनापासून विचारत होती.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "जेवून घे आधी."

देविकाने ब्रेड कापला. पुन्हा तिने विचारलं नाही, आणि यांनीही विषय काढला नाही.