भुरी परत आली नव्हती

आमच्या गुरुवारच्या भजनी मंडळात माझ्याविषयी एक अनुभव कित्येक वर्षे सांगितला जातो. माझ्या पत्नीची हरवलेली मांजर बारा वर्षांनी, अगदी मरायला टेकलेली, माझ्या दारी परत आली आणि दत्ताच्या तीर्थाने व नैवेद्याच्या दुधाने बरी झाली, असा तो अनुभव. ऐकणारे हात जोडतात आणि मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. आता वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. घडले ते जसेच्या तसे लिहिल्याशिवाय मला सुखाने डोळे मिटता येणार नाहीत.

भुरी हरवली नव्हती. मी तिला सोडून आलो होतो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. पंचवटीत आमच्या दोन खोल्या होत्या. मूलबाळ नव्हते, पत्नी सिंधूचा सगळा जीव भुरीवर. माझे सोवळे कडक. एका गुरुवारी भुरीने नैवेद्याच्या खिरीला तोंड लावले आणि माझे डोके फिरले. मांजर पोत्यात घालून दूर नेली की तिला परतीची वाट सापडत नाही, असे म्हणतात. सिंधू माहेरी येवल्याला गेली होती. मी भुरीला पोत्यात घातले, एसटीने सायखेड्याला नेले आणि नदीकाठी पोत्याचे तोंड सोडले. ती बाहेर आली, अंग झटकले आणि माझ्याच पायाशी येऊन बसली. मी मागे न बघता चालू लागलो.

सिंधू परतल्यावर मी म्हणालो, "पळाली कुठेतरी." दोन महिने ती रोज संध्याकाळी काठ चेपलेली पितळी वाटी भरून पायरीवर ठेवत असे. मी ते पाहत होतो आणि आत बसून पोथी वाचत होतो. पुढे दहा-अकरा वर्षांनी सिंधू गेली. तिला मी शेवटपर्यंत काही सांगितले नाही.

त्यानंतरच्या वर्षी, सकाळी गंगेवरून स्नान करून येताना, एका फुलवालीच्या टोपल्यांमागे मला एक म्हातारी मांजर दिसली. बरगड्या मोजता याव्यात अशी. तोंडात दोन-तीन दात, अंगावरचे केस गुंतून गोळे झालेले. भुरीच्या शेपटीचे टोक वाकडे होते. हिची शेपटी सरळ होती. ती भुरी नव्हती, हे मला पहिल्याच नजरेत कळले. तरी मी तिला पंच्यात गुंडाळून घरी आणले. हिला जगवले तर मला क्षमा मिळेल, असा काहीतरी हिशेब मनात होता.

मी तिला नैवेद्याचे दूध पाजले, त्यात अंगारा टाकला. पहिल्या दिवशी ती अधाशासारखी प्याली. मग जुलाब सुरू झाले. मी आणखी दूध दिले, आणखी अंगारा, वर पारायणाचा संकल्प. मी जितके पाजत होतो तितकी ती वाळत होती. पाचव्या दिवशी, गुरुवारी, तिने मान फिरवली. मी देवापुढे बसलो आणि पहिल्यांदा म्हणालो, "मला काही कळत नाही. तूच बघ."

दारात पगारेबाई उभ्या होत्या. आमच्या समोरच राहणारे हे बौद्ध कुटुंब. बाई दवाखान्यात आया होत्या. पंधरा वर्षांच्या शेजारात मी त्यांच्याकडे पाणी प्यालो नव्हतो आणि त्यांनी माझा उंबरा ओलांडला नव्हता. तसे कुणी बोलून ठरवले नव्हते. माझ्या वागण्यानेच ते ठरले होते.

"भाऊ, येऊ का आत?" म्हणेपर्यंत त्या आत आल्याही. "काय पाजताय हिला?"

"दूध. नैवेद्याचं."

"अहो, त्यानंच तर जुलाब होतायत! एवढ्या पोथ्या वाचता, कुठल्या पोथीत लिहिलंय हे?"

"भुरी प्यायची की दूध."

त्या हसल्या. "भुरी माझ्याकडे जेवायची, भाऊ. वहिनी रोज दुपारी घेऊन यायच्या तिला. मासळी खाऊन झाली की तुमचं दूध नुसतं तोंड धुवायला!"

त्यांच्या हातात उकडलेल्या माशाचे पाणी होते, आणि ते त्याच चेपलेल्या वाटीत होते. "वहिनींचीच ही. भुरी येईना, तेव्हा माझ्याकडे देऊन गेल्या. म्हणाल्या, राहू द्या, कुणी उपाशी आलं तर लागेल."

जमिनीवर बसून त्यांनी चमच्याने थोडेसे पाणी मांजरीच्या ओठांना लावले. तिची जीभ हलली. "एकदम पोटभर नाही द्यायचं. उपाशी पेशंटला आम्ही असंच देतो. थोडं थोडं, पण सारखं."

चार दिवस त्यांनी आणून दिले. मग लेकीच्या बाळंतपणासाठी त्यांना नामपूरला जावे लागले. "आता तुम्हीच करा. काटा राहू देऊ नका, दात नाहीत तिला."

दुसऱ्या दिवशी मी मासळी बाजारात गेलो, मंडळातले कुणी बघत नाही ना, हे चोरासारखे पाहत. मागच्या ओट्यावर वेगळ्या स्टोव्हवर मासे उकडले आणि बोटांनी एकेक काटा काढला. हात राखेने घासले, लिंबू चोळले, तरी वास जाईना. त्याच हातांनी मी दत्ताच्या पायांवर फूल वाहिले. काहीच झाले नाही. मूर्ती होती तशीच होती. पण सायखेड्याची गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा देवाला सांगितली.

पगारेबाई परतल्या तोवर मांजरीच्या पाठीचा कणा बोटांना टोचेनासा झाला होता. ती सिंधूच्या गोधडीवर झोपू लागली होती. मी बाईंच्या घरी जाऊन त्यांना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "दोन महिने हाका मारत होत्या हो वहिनी." उठून त्यांनी चहा टाकला. तो मी प्यालो. क्षमा केली असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही मागितली नाही.

मंडळातले एकजण घरी आले, गुबगुबीत मांजर पाहून म्हणाले, "भुरीच ना ही? तीर्थाचाच प्रभाव!" मासळीचे सांगितले असते तर मंडळातला माझा मान गेला असता. मी गप्प राहिलो, आणि गोष्ट वाढत गेली.

ती मांजर आणखी तीन वर्षे जगली. आता पगारेबाईही नाहीत. त्या गुरुवारी त्यांना कुणी पाठवले, हे मी सांगू शकत नाही. एवढेच कळले की मी देवाला हाक मारली आणि जे दार मी स्वतः बंद ठेवले होते, त्यातूनच मदत आली. शरण जायचे म्हणजे त्या मदतीला आत येऊ द्यायचे, एवढेच मला जमले, आणि तेही उशिरा.

मंडळींना हात जोडून विनंती आहे: यापुढे हा अनुभव सांगाल तर पगारेबाईंच्या नावाने सांगा. वाटी अजून माझ्या पायरीवर असते. कुणी उपाशी आलं तर लागेल.