मागच्या सीटवरचं वजन

ज्या मोटरसायकलवरून आम्ही दोघं गोकर्णापर्यंत हिंडलो, तिला आमच्या ह्यांनी परवा नवे शॉकअप बसवले. स्प्रिंग किती घट्ट हवी, ते वजन ठेवूनच ठरवतात म्हणे. गॅलरीतून बघते तर काय, मागच्या सीटवर तांदळाचं पोतं बांधलेलं! कंबर धरल्यापासून मी मागे बसलेच नव्हते. मला वाटलं होतं, आता हे एकटेच जाणार. येईल की नाही ठाऊक नसलेल्या माणसाचं वजन धरून गाडी जुळवायची! वाट बघण्याच्या काय एकेक तऱ्हा असतात, बाई.

खाली गेले.

"अहो, मी काय पोतं आहे? उतरवा ते."

"अगं, पण तुझी कंबर..."

मी बसलेसुद्धा. गाडी हळूच दबली.

"दुखतंय?" पाना हातात धरून ह्यांनी विचारलं.

"दुखतंय थोडं. तुम्ही फिरवा पाना."