शेडगे हवालदारांची चार मेडलं

शेडगे हवालदार माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी छातीकडे. फौजेतून सुटून त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि नायगावच्या आमच्या सोसायटीच्या गेटवर ते सिक्युरिटी सुपरवायझर होते, तरी ती सवय सुटली नव्हती. समोरच्या हॉलवर लग्नाची वरात आली की बँडवाल्यांच्या लाल कोटांवर पत्र्याचे बिल्ले चमकायचे. हवालदार केबिनच्या दारात उभे राहून ते मोजायचे.

"बघ हिंगोली," मला म्हणायचे, "क्लॅरिनेटवाल्याला सहा. मला दोन."

माझं नाव गजानन, पण ते मला जिल्ह्याच्या नावानंच हाक मारायचे. फौजेत तशीच रीत असते म्हणे. मी हिंगोलीकडून नायगावला उतरलो तेव्हा ज्या चुलतभावाच्या भरवशावर आलो होतो त्याचा फोन बंद होता. खाडीच्या अंगाला नवे टॉवर उठत होते, तिथं एकेका गेटवर काम विचारत फिरत होतो. बाकीच्यांनी हातानंच पुढं जा म्हणून सांगितलं. हवालदारांनी आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "किती शिकलास?"

"आठवी."

"आठवी पास, का आठवीत सोडली?"

"आठवीत सोडली."

"मग सातवी सांग. कमी भरलं तर भरू दे."

एजन्सीला दहावी पास लागायचा. त्यांनी एजन्सीच्या माणसाला फोन लावला आणि पोराची जबाबदारी माझी, एवढंच सांगितलं. त्यांचा जुना शर्ट माझ्या अंगाला ढगळ झाला, पण त्या दिवसापासून मला या गावात उभं राहायला जागा झाली. ती जागा जाईल या भीतीनं मी पहिली दोन वर्षं धड झोपलोसुद्धा नाही, आणि भीतीचं कारण हवालदारच होते.

कारण त्यांचा हेवा. सी विंगमध्ये सुभेदार खानविलकर राहायचे. चिपळूणकडचे, रिटायर, स्वतःचा फ्लॅट, कमिटीवर. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला झेंडा तेच फडकवायचे. निळा कोट घालून खाली यायचे तेव्हा त्यांच्या छातीवर पाच मेडलं रांगेत किणकिणायची. हवालदार तेव्हा एजन्सीच्या ड्रेसमध्ये गेटवर. त्यांची स्वतःची दोन मेडलं घरी पेटीत. एजन्सीच्या ड्रेसवर ती लावायची परवानगी नव्हती, आणि असती तरी पाचाच्या शेजारी दोन लावून ते उभे राहिले नसते.

मग सूड कसा, तर सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांना गेटचा आडवा खांब आधीच वर व्हायचा. सुभेदारांच्या गाडीला मात्र थांबावं लागायचं. हवालदार सावकाश पुढं जायचे, काचेवरचा स्टिकर निरखायचे, मग कडक सॅल्यूट ठोकायचे आणि मगच खांब वर. सॅल्यूटमध्ये काही खोट काढता यायची नाही.

"रोज काय बघता हो शेडगे?" सुभेदारांनी एकदा विचारलं.

"नियम आहे, साहेब."

"बाकीच्यांना नाही का नियम?"

"बाकीचे सिव्हिलियन आहेत, साहेब. त्यांना काय समजतंय."

मी केबिनमध्ये घाम पुसत उभा. कमिटीनं एक चिठ्ठी लिहिली असती तर हवालदार गेले असते, आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या जबाबदारीवर ठेवलेला मीही.

त्यांचं दुखणं खरं होतं, हे मला हळूहळू कळलं. त्यांची पलटण पायदळाची. मधली काही वर्षं त्यांना खेचरांच्या कंपनीला जोडून दिलं होतं. बर्फातल्या चौक्यांवर रॉकेल आणि रेशन खेचरांच्या पाठीवरून जायचं, ते पोचवणं हे त्यांचं काम. त्या काळाची तीन मेडलं त्यांच्या हक्काची होती. दोन बर्फातल्या सेवेची, तिसरं त्यानंतरच्या एका मोहिमेचं. पलटणीला वाटलं खेचरवाले लिहितील, खेचरवाल्यांना वाटलं पलटण लिहील. लिहिलं कुणीच नाही. सुटताना घरी जायची घाई, त्यामुळं डिस्चार्ज बुक उघडलं ते थेट गावी पोचल्यावर. त्यात मेडलं दोनच.

"आणि खच्चरला मिळालं," ते म्हणायचे. खेचराला ते फौजी हिंदीत खच्चरच म्हणत. "आमची खच्चर होती, करडी, एक कान फाटका. तिनं बर्फाच्या वादळात एकटीनं रॉकेल वर पोचवलं म्हणून मोठ्या साहेबानं तिचं नाव आर्डरमध्ये काढलं. निळी झूल घातली अंगावर. फोटो काढला. त्या फोटोत लगाम धरलेला एक हात दिसतोय. तो हात माझा."

हे ऐकून नायगाव कोळीवाड्यातली मासेवाली, जी रोज गेटवर पाटी टेकवायची, पोट धरून हसली होती. "म्हन्जे खेचराला झूल, न तुला काय रं हवालदार?"

"मला लगाम," हवालदार म्हणाले. हसले नाहीत.

शेवटी सैनिक कल्याण कार्यालयात गेले. मला सोबत नेलं. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की रेकॉर्ड दुरुस्त होऊ शकतं, पण त्या काळात त्या जागी तुम्हाला पाहिलेल्या कुणाचं तरी लेखी निवेदन लागेल. तुमच्या शब्दावर होणार नाही. हवालदारांनी मग फोन लावायला घेतले. एक सोबती वारला होता, दुसऱ्याला काही आठवेनासं झालं होतं, तिसऱ्याचा नंबर लागेना. पुढचे कित्येक दिवस त्यांनी स्टिकरही बघितला नाही, यावरून मला त्यांची अवस्था कळली.

"साहेब," मी एकदा चहाच्या वेळी भीतभीत म्हणालो, "सुभेदार साहेब कुठं होते तेव्हा?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तिथंच. वरच्या चौकीत. पहिल्या दिवशीच त्याच्या छातीवर त्या बर्फातल्या मेडलाची फीत बघितली मी."

"मग विचारा ना."

"त्याला विचारू? माझ्या छातीसाठी त्याच्या दारात जाऊ?"

गेले मात्र. रविवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून गेले, आणि एकट्यानं जाववेना म्हणून कागदांची पिशवी धरायला मला घेतलं. सुभेदारांनी बसवलं. सगळं ऐकलं, बराच वेळ हवालदारांच्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली.

"शेडगे, खोटं कशाला बोलू. तुम्ही मला आठवत नाही. वर सगळ्यांच्या तोंडाला पट्ट्या, डोळ्यांना काळे चष्मे. माणूस ओळखू यायचा नाही हो."

हवालदार उठले. "ठीक आहे, साहेब. त्रास दिला."

"बसा तर. माणसं नाही आठवत, खेचरं आठवतात. एक होती करडी. नाल्यापाशी आली की बसायची."

"बसायची नाही," हवालदार उभ्याउभ्याच म्हणाले. "मुतायची. मुतल्याशिवाय नाला ओलांडायची नाही."

सुभेदार पुढं सरकले. "आणि तिच्याबरोबर एक येडा असायचा. सगळे आपापल्या जनावराला आयमायवरून शिव्या घालायचे, हा तिला अहोजाहो करायचा. 'अहो बाई, चला आता, वर पोरं उपाशी आहेत.' आम्हाला चौकीत ऐकू यायचं. ते ऐकू आलं की आम्ही स्टोव्ह पुसायला घ्यायचो, आता रॉकेल येणार म्हणून."

हवालदार खाली बसले. सुभेदारांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. मग म्हणाले, "तो तुम्ही काय?"

"जनावर वयानं मोठं होतं, साहेब," हवालदार म्हणाले. "सर्व्हिसनंही सीनियर."

त्या दिवशी सुभेदारांनी स्वतःच्या हातानं चहा केला. आणि तिथून माझं वाईट सुरू झालं. तोवर संध्याकाळचा चहा हवालदार माझ्याबरोबर केबिनमध्ये प्यायचे. घरच्या गोष्टी, बायकोचं गुडघ्याचं दुखणं, भावाबरोबरचा बांधाचा वाद, सगळं मला सांगायचे. आता सहा वाजले की सी विंग. मी गेटवरून वर बघायचो, तर गॅलरीत दोन टकली आणि मधूनच हसण्याचा आवाज. खाली आले की खुशीत असायचे. "काय बोललात एवढं?" विचारलं तर म्हणायचे, "तुला नाही कळायचं, हिंगोली. बर्फ बघितलायस का?" बर्फ मी ज्यूसच्या गाडीवर बघितला होता. ज्या माणसाला रोज टोमणे मारायचे त्याच्याशीच हे दोस्ती करून बसले आणि मी त्यांच्या बाजूनं घाबरत राहिलो त्याची किंमत काही नाही, असं मला वाटायचं.

निवेदनावर सही करायच्या दिवशी मला पुन्हा पिशवी घेऊन बोलावलं. सुभेदारांनी बर्फातल्या दोन मेडलांपुरतं लिहून वाचून दाखवलं, आणि पेन हातात ठेवूनच म्हणाले, "शेडगे, तिसऱ्याचंही टाकतो यातच. त्या मोहिमेतही पाहिलं म्हणून लिहितो. एका सहीत काम होईल."

"नको, साहेब. तिथं आपण भेटलो नव्हतो."

"कोण विचारणार आहे? त्या मोहिमेचं मेडल माझ्याकडे आहेच. माझ्या शब्दाला कुणी हात लावणार नाही."

"नको," हवालदार म्हणाले. "तिसऱ्याला दुसरा कुणी साक्षी भेटला तर बघू. नाही भेटला तर राहिलं."

सुभेदारांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन मेडलांपुरती सही केली आणि कागद पुढं सरकवला. मला काही उमजेना. मोहीम तीच, एकाकडे मेडल आहे, दुसऱ्याचं राहिलंय, मग अडलंय कुठं? लिफ्टमध्ये मी चिडून म्हणालो, "साहेब, पाच झाली असती. सुभेदारांच्या बरोबरीला आला असता."

"बरोबरी झाल्यावर मग मी भांडू कशावरून, लेका?" ते म्हणाले आणि लिफ्टच्या आरशात मिशी नीट केली.

रेकॉर्ड दुरुस्त होऊन यायला पुष्कळ वेळ गेला, पण आलं. बुकात दोनाची चार झाली. पुढच्या सव्वीस जानेवारीला हवालदारांनी सुट्टी टाकली, पहिल्यांदाच. गेट रिकामं सोडता येत नाही म्हणून मी खांबापाशी उभा राहिलो, त्यामुळं मला कार्यक्रम दिसला नाही, नुसता ऐकू आला. माइकवर सुभेदारांनी त्यांचं पूर्ण नाव घेतलं, हुद्द्यासकट, आणि झेंड्याची दोरी त्यांच्या हातात द्या म्हणून सांगितलं. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा मी रस्त्याकडे तोंड करून सावधान उभा होतो आणि खांबाच्या पलीकडे पिझ्झावाला पोरगा हेल्मेट काखेत धरून माझ्यासमोर सावधान.

कार्यक्रम संपल्यावर ते चार मेडलं लावून गेटवर आले. मासेवालीनं पाटी खाली ठेवून मोजली. "चारच?"

"त्यांची पाच, माझी चार," हवालदार म्हणाले. "अजून जळतंय इथं." आणि छातीवर हात आपटला. मेडलं वाजली.

हे वाक्य त्यांनी नंतर कितीदा म्हटलं असेल. पोस्टमनला, पेपरवाल्याला, गिरीजहून केळी घेऊन येणाऱ्या बाईंना. सुभेदारांची गाडी आली की त्यांच्या समोरसुद्धा. "त्यांची पाच, माझी चार." सुभेदार काच खाली करून हसायचे, पण ते हसणं मला तेव्हाही पूर्ण वाटायचं नाही. गाडीचा स्टिकर बघणं पुन्हा सुरू झालं होतं. तिसऱ्या मेडलाला साक्षी काही भेटला नाही.

पुढं गुडघ्यांमुळं बायकोला एकटीला जमेना, म्हणून ते गावी गेले. जाताना एजन्सीच्या माणसाला माझं नाव सांगून गेले, त्यामुळं आज त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. सातवी पास माणसाला अशी खुर्ची दुसऱ्या कुणी दिली नसती. फोन यायचा. त्यांच्या तालुक्यात एक रिटायर कॅप्टन निघाला होता, त्याची आठ होती. हवालदारांचा आवाज त्या दिवशी फार दिवसांनी तरतरीत वाटला.

गेल्या महिन्यात काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. सकाळी शेतावर जायला निघाले आणि अंगणातच बसले, ते उठलेच नाहीत.

मी सुभेदारांना सांगायला वर गेलो. त्यांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं निघावं, तेवढ्यात ते बोलले.

"त्या तिसऱ्या मेडलाच्या मोहिमेत मी नव्हतो, गजानन. युनिट तिकडे होतं, मी पुण्यात कोर्सला. नामावळीत नाव होतं, सगळ्यांबरोबर माझंही मेडल आलं. मी लावलं. तो तिथं खेचरं घेऊन खरंच होता आणि त्याला नाही."

"हे हवालदार साहेबांना कळायला हवं होतं," मी म्हणालो.

"सांगितलं होतं. सही करायच्या आधी, इथंच बसून. मला वाटलं, हा आता खाली जाऊन गेटवर बोंब मारणार. मारली असती तर मी काय म्हणणार होतो?"

"मग?"

"चहा संपवला. म्हणाला, बर्फात होतात ना आमच्याबरोबर, तेवढं बास. आणि मेडलं आल्यावर सगळ्यांना सांगत सुटला, त्यांची पाच, माझी चार."

सुभेदार मला बस म्हणाले, चहा करतो म्हणाले. मी गेटचं कारण सांगून निघालो. जिना उतरताना मला रडू आलं नाही, रागच आला. क्लॅरिनेटवाल्याचा हेवा त्यांनी मला सांगितला, खेचराचा सांगितला, त्या कॅप्टनचाही फोन करून सांगितला. एवढी एक गोष्ट होती की जिच्यात ते सुभेदारांच्या वर होते. ती सुभेदारांना ठाऊक होती, मला नव्हती.