माद्रिद ते लिस्बन, वीस मिनिटं

"वीस मिनिटांसाठी विमान? भाऊ, मले नाई बसाचं त्यात."

सुमनबाई तिकिटाचा कागद माझ्याकडे सरकवत म्हणाल्या. बाई जवळच्या मूल गावच्या, निवृत्त शिक्षिका. मुलगी लिस्बनला पीएचडी करते. तिचा 'डिफेन्स', म्हणजे परीक्षकांसमोर आणि लोकांसमोर द्यायची शेवटची तोंडी परीक्षा, गुरुवारी दुपारी दोनला होती. बाईंना पहिल्या रांगेत बसून ती ऐकायची होती. त्यासाठी त्यांनी आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढला.

चंद्रपुरात माझं ट्रॅव्हल ऑफिस आहे. इतकं लहान, की गिऱ्हाईक आत आलं की मी श्वास आत ओढून घेतो. पण युरोप मला तोंडपाठ. फक्त गेलो नव्हतो.

बाईंचं माद्रिदपर्यंत एक तिकीट, पुढचं वेगळं. त्यावर लिहिलेलं: माद्रिद सुटणार १०.००, लिस्बन पोहोचणार १०.२०.

"बाई, वीस मिनिटं म्हणजे चहा निवायच्या आत लिस्बन!"

"मंग बसनं काऊन नाई? तसाही दोन विमानांत जीव टांगून राह्यणार माहा."

आमच्याकडे अंतर कोणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. गडचिरोली किती? दोन घंटे. मीही तसंच मोजलं. विमानाची वीस मिनिटं म्हणजे बसचे फार तर दोन तास. सकाळी आठला माद्रिद, दुपारी जेवून परीक्षेला. मी ऐटीत विमानाचं पुढचं तिकीट कॅन्सल केलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "जयभीम भाऊ. ते बस मधी थांबते ना कुठी? मले गुडघे मोकळे करा लागते."

थांबा शोधायला बसचं वेळापत्रक उघडलं आणि खुर्ची पुढे ओढून पुन्हा वाचलं. प्रवास आठ-नऊ तासांचा! बाई उतरणार तेव्हा मुलगी डॉक्टर होऊन, हारतुरे घेऊन घरी गेलेली असणार.

अंतर पाहिलं. सरळ रेषेत पाचशे किलोमीटर. चंद्रपूर-गडचिरोली सहा वेळा. वीस मिनिटांत ते कापायचं तर विमान नाही, तोफेचा गोळा पाहिजे.

मग डोक्यात उजेड पडला. तिकिटावरची वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते. त्याला आम्ही 'लोकल टाइम' म्हणतो. लिस्बनचं घड्याळ माद्रिदच्या एक तास मागे. उड्डाण एक तास वीस मिनिटांचं. युरोपभर एकच घड्याळ, असं मी कोणाला न विचारता ठरवून टाकलं होतं.

त्याच विमानात एक सीट उरली होती. शेवटची रांग, मधली, टॉयलेटला पाठ लावून. अशा चपळाईनं बुक केली, की कीबोर्डमधून धूर निघाला.

"बाई, विमानच बरं. लिस्बनचं बसस्टँड फार लांब आहे," मी सांगितलं.

"मंग विमानच राहू द्या," बाई म्हणाल्या. विषय संपला.

गुरुवारी संध्याकाळी फोटो आला. पहिली रांग, निळी साडी, बाई.

आठवड्यानं लिस्बनच्या विमानतळावरून फोन. "भाऊ, येताना वीस मिनिटं, जाताना दोन घंटे वीस मिनिटं. हे विमान गडचिरोलीवरून नेऊन राह्यले का?"

मी वाऱ्याचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"राहू द्या. पोरीनं घड्याळाचं सांगतलं मले. बसस्टँड कुठी आहे, तेही दाखवलं. विमानतळापासून जवळच आहे."

तेव्हापासून मी दर तिकिटावर हातानं दोन गोष्टी लिहितो: खरे तास आणि किलोमीटर. आणि बसस्टँडबद्दल काही बोलत नाही.