खांद्यावरचं स्टेअरिंग

ग्यानबाला मी पहिल्यांदा पाहिलं ते रिसोड-वाशीम एसटीत, आणि त्या दिवशी आपण जिवंत वाशीमला पोचत नाही याची माझी खात्रीच पटली. मला रिसोड सोडतानाच डुलकी लागली होती. रिठद मागं पडल्यावर जाग आली, तेव्हा एसटी खड्ड्यांवरून बकरीसारख्या उड्या मारत होती आणि तिचं स्टेअरिंग माझ्या शेजारच्या माणसाच्या मांडीवर होतं. काळंभोर, परातीएवढं. धोतर-टोपीतला तो माणूस ते दोन्ही हातांनी गच्च धरून डोळे मिटून बसला होता. गाडी डावीकडं कलली की त्याचे हात डावीकडं जात, उजवीकडं कलली की उजवीकडं. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं पाहिलं, कोंबडीची टोपली छातीशी धरली आणि सगळ्या देवांना एकदम हाका मारल्या. माझ्या डोळ्यांसमोरून माझं बालपण, माझं लग्न आणि सासऱ्यांचा चेहरा, असे या क्रमानं निघून गेले.

"ग्यानबा, जागा हो," कंडक्टर शांतपणे म्हणाला. "ठोकशील एखाद्या झाडाले."

मी मान लांब करून पाहिलं. ड्रायव्हरपुढं त्याचं स्टेअरिंग जागच्या जागी होतं. म्हणजे एसटीला दोन स्टेअरिंगं होती आणि त्यातलं एक तिकीट काढून बसलं होतं.

"हे कशाचं हो?" मी विचारलं.

"बंडीचं जुवाडं," ग्यानबा म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटू लागला. पण एवढ्यावर झोपू देईन तर मी कसला.

आमच्याकडं बैलबंडी रात्रभर अंगणात उघडी असते, पण बैलांच्या मानेवरचं जू, म्हणजे जुवाडं, तेवढं घरात नेतात. जू नाही तर बैल जुंपता येत नाहीत, आणि बैल नाहीत तर बंडी म्हणजे नुसतं लाकूड. चोर येतो, बघतो आणि हात हलवत जातो.

"मोटारीले बैल नाई," ग्यानबा म्हणाला. "मंग तिचं जुवाडं कोनतं? लय इचार केला मी. हेच निंगालं."

"पण मोटारीला किल्ली असते ना?"

"हाय ना. घरी डब्यात हाय. किल्लीनं कुलूप उघडते, साहेब. बंडी किल्लीनं चालते काय?"

पुढच्या रविवारी मी ग्यानबाच्या गावी, रिठदला उतरलो, कारण ज्या गाडीचं जू एसटीनं फिरतं ती गाडी पाहिल्याशिवाय मला जेवण गोड लागेना.

ग्यानबाच्या घरालगतच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली ती उभी होती. बोजड, गोल नाकाची, हिरवा रंग पोपडे धरलेला. तिच्या पोटात पलंग होता, कपाट होतं, चूल होती, भांडी घासायला मोरी होती. एक म्हातारा गोरा साहेब आणि त्याची मड्डम हे घर घेऊन देश हिंडत होते. लोणारचं सरोवर पाहून वाशीमकडं जाताना इंजिन बसलं. साहेबानं कशीबशी गाडी वळवून बाभळीखाली घेतली. लागणारा भाग आता फक्त त्याच्या मुलखात, तोही शोधला तर मिळणार होता. साहेबानं खुणा करून ग्यानबाला विचारलं, सांभाळशील का? ग्यानबानं मान हलवली. साहेब गेला, आणि त्या एका मानेपायी ग्यानबा अडकला.

रिसोडचा धरमसिंग, इंजिनं दुरुस्त करणारा, ग्यानबाचा दोस्त. त्यानं स्टेअरिंग काढून दिलं. तेव्हापासून ते ग्यानबाच्या खांद्यावर चढलं. घरी का ठेवत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, "घरातून चोरी होत नाई काय?"

तो ते घेऊन बाजाराला जाई, पंगतीला बसे, तेराव्यालाही जाई. लोक आधी हसले, मग सरावले. भागिरथाबाई, त्याची बायको, तेवढी सरावली नाही.

"माह्या माहेरी जाताना याइनं मले एसटीत उभं ठेवलं," ती मला सांगू लागली, "आन् जुवाड्याले खिडकी देल्ली."

शेजारच्या लिलाबाईचा प्रश्न वेगळाच होता. "घरात चूल हाय, मोरी हाय, खाट हाय. मंग चाकं काहून लावले?"

"शेजार पटला नाई तं घर घेऊन जाता येते," ग्यानबा म्हणाला.

"मले कायले नाई भेटलं बाप्पा असं? लगन झालं त्याच दिवशी हाकललं असतं."

एकदा चावडीपुढं माझ्यादेखत एकानं टोमणा मारला. ग्यानबाचा बाप भिवाजी गावाची राखण करी. तो वतनाचा रिवाज होता, नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर भिवाजीनं काठी खाली ठेवली ती कायमची. "बापानं राखन सोडली," तो माणूस म्हणाला, "आन् पोरगं पुन्हा राखन्या झालं. फुकटात."

ग्यानबानं स्टेअरिंग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "बापाले गावानं सांगतलं होतं. मले मानसानं इचारलं," तो म्हणाला आणि चालू लागला. त्या गाडीत त्याचं नेमकं काय गुंतलं आहे, ते मला तेव्हा कळलं. गाडी गेली असती तर त्यानं स्वतःहून दिलेला शब्द गेला असता. आणि असा शब्द द्यायची संधी त्याच्या घराण्यात त्यालाच पहिल्यांदा मिळाली होती.

चोर आले ते भर दुपारी. रिसोडच्या बाजाराचा दिवस, गाव रिकामं, ग्यानबा आपल्या जुवाड्यासकट बाजारात. कुठूनसे दोन भंगारवाले बैलांच्या दोन जोड्या घेऊन आले. मोटारीला बैल नसतात हे ग्यानबाचं म्हणणं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी साखळदंड बांधला आणि बैल हाकलले. गाडी हलली. पण साहेबानं ती वळवून उभी केली होती, पुढची चाकं तेव्हापासून डावीकडं वळलेली ती गंजून तशीच बसली होती, आणि ती सरळ करायला स्टेअरिंग नव्हतं. गाडी डावीकडं गेली. अजून डावीकडं गेली. बैल पुढं, गाडी मागं, आणि ग्यानबाच्या रिकाम्या शेतात सगळी वरात गोल फिरू लागली.

लिलाबाईनं दारातून पाहिलं. "काय वं भागिरथा," तिनं हाक मारली, "आज मळनी कायची करून राह्यले तुमी?"

भागिरथाबाई विळा घेऊन बाहेर आली. भंगारवाल्यांनी साखळी सोडली आणि बैलांसकट पोबारा केला. ग्यानबा संध्याकाळी आला, शेतातलं ते गोल रिंगण त्यानं सावकाश चालून पाहिलं, आणि बायकोला एवढंच म्हणाला, "म्हनून देल्ली होती खिडकी."

आणीबाणी आली, गेली. साहेब मेला असेल असं गाव म्हणू लागलं. ग्यानबा धोतराच्या सोग्यानं स्टेअरिंग पुसत राही.

मग सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात साहेब आला. एकटाच, काठी टेकत, पिशवीत तो भाग घेऊन. धरमसिंगानं इंजिन खोललं, चाकांना तेल पाजलं. ग्यानबानं स्टेअरिंग स्वतःच्या हातानं बसवलं. घासून घासून त्याला अशी चकाकी आली होती की साहेबाला ते ओळखू येईना. इंजिन खोकलं, थुंकलं आणि चालू झालं. साहेबानं खाली उतरून ग्यानबाचे दोन्ही हात धरले. मग गाडी वाशीमच्या रस्त्याला लागली. दिलेला शब्द, मोरीसकट, पुरा झाला होता.

महिन्याभरानं ग्यानबा कामाला वाशीमला आला. मी त्याला स्टँडवर भेटलो. खांदा रिकामा असल्यानं तो एका अंगाला झुकून चालत होता. स्टँडबाहेर ती हिरवी गाडी उभी होती. साहेब तिला घेऊन वाशीमपर्यंतच गेला होता. इथं त्यानं ती विकली आणि रेल्वेनं निघून गेला. आत एक माणूस भजी तळत होता.

ग्यानबा जवळ जाऊन म्हणाला, "भाऊ, राती हिचं जुवाडं... स्टेअरिंग घरी नेता ना?"

"ते काढलं," भजीवाला झारा हलवत म्हणाला. "कढईले आडवं येत होतं."

"मंग हाय कुठी?"

"भंगारात देल्लं."